कसूर कोणाची?

वाचावयाचा शास्त्रभाग : प्रेषितांचीं कृत्यें १३:१३ व १५:३६–४१; २ तीमथ्य ४:११

चाकणच्या बाजूच्या एका खेड्यांतील उपदेशक बंधूंचें पत्र आमच्या हातीं आलें आहे. त्यांच्या मंडळींतील सोळा वर्षांचा एक मुलगा रात्रीं दुसऱ्या मुलांबरोबर असतां धरला गेला. रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या गाड्यांच्या कांचा त्या टोळक्यानें फोडिल्या होत्या, आणि एकाच्या हातांत कोयता होता. ठाण्यांत आलेल्या एका शिकलेल्या गृहस्थांनीं मान हालवून म्हटलें, "ही डेलिंक्वन्सी आहे, दुसरें काय!" उपदेशक बंधु विचारितात कीं, ह्या शब्दाचा अर्थ काय? आणि मुलाचें नांव मंडळीच्या पटावरून काढून टाकावें असें पंचांपैकीं कित्येकांचें म्हणणें आहे, त्यांस आम्हीं काय उत्तर द्यावें?

हे दोन प्रश्न निराळे दिसतात. परंतु पहिल्याचें उत्तर नीट मिळालें म्हणजे दुसऱ्याचें अर्धें उत्तर त्यांतच सांपडेल असें आम्हांस वाटतें. म्हणून आज शास्त्राबरोबर शब्दांचाहि थोडा विचार करूं.

डेलिंक्वन्सी हा शब्द इंग्रजींत लॅटिन भाषेंतून आला. लॅटिनांत 'लिंक्वेरे' म्हणजे सोडणें, मागें टाकून जाणें. त्यास 'दे' हा उपसर्ग लागून 'देलिंक्वेरे' असें क्रियापद झालें. त्याचा अर्थ उणें पडणें, करावयाचें तें न करणें. म्हणजे ह्या शब्दाच्या मुळांत चोरी नाहीं, मारामारी नाहीं, रक्तपात नाहीं. मुळांत आहे ती एक सोडलेली जागा. राखणदार रात्रीं माळ्यावरून उठून घरीं जातो आणि पीक डुकरें खातात. त्यास हा शब्द बरोबर लागतो. चाकणचा किल्ला १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा यानें शाइस्तेखानाच्या मोठ्या फौजेपुढें सुमारें दोन महिने लढविला. किल्ला अखेर गेला, पण फिरंगोजीचें नांव आजहि आदरानें घेतात, कारण त्यानें आपली जागा सोडली नाहीं. त्याच्या अगदीं उलट जें वर्तन तें ह्या शब्दानें दाखविलें जातें.

आमच्या भाषेसहि हें मूळ परकें नाहीं. भाषांचे अभ्यासक सांगतात कीं लॅटिनांतील 'लिंक्वेरे' आणि संस्कृतांतील 'रिच्' हा धातु हे एकाच घराण्यांतले आहेत. 'रिच्' पासून 'रिक्त' झालें, आणि 'रिक्त' पासून आपला 'रिता'. आडावर पाणी न मिळाल्यामुळें जी बाई रिता हंडा घेऊन घरीं येते, तिच्या तोंडचा शब्द आणि ठाण्यांतल्या त्या गृहस्थांच्या तोंडचा शब्द हे दूरचे भाऊबंद होत.

हा शब्द आरंभीं मुलांचा नव्हता. इंग्लंडांत सतराव्या शतकांत यादवी माजली, तेव्हां पार्लमेंटानें पहिल्या चार्ल्स राजाचा पक्ष धरणाऱ्या जमीनदारांस हेंच नांव देऊन त्यांच्या मिळकती जप्त केल्या. पुढें १८१६ सालीं लंडन शहरांत मुलांचे गुन्हे कां वाढत आहेत ह्याचा शोध करणाऱ्या एका कमिटीनें आपला अहवाल छापिला, आणि त्याच्या नांवांतच हा शब्द मुलांस जोडला गेला. पण ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, कारणें मोजतांना त्या कमिटीनें आईबापांची अयोग्य वागणूक हें कारण पहिलें लिहिलें. शिक्षणाचा अभाव हें तिनें दुसरें लिहिलें, आणि योग्य काम न मिळणें हें तिसरें. ज्या कागदानें मुलांस नांव ठेविलें, त्याच कागदानें वडील माणसांकडे बोट दाखविलें.

आतां आपल्या मराठीकडे वळूं. गुन्हा हा शब्द फारशींतून आला. तो ठाण्याचा व कचेरीचा शब्द आहे. कसूर हा अरबी. त्याचा मूळ अर्थ आखूड पडणें, उणें असणें. कामांत कसूर केली असें आपण म्हणतों, तेव्हां त्या लॅटिन शब्दाचा खरा जोडीदारच आपण उच्चारितों. अपराध हा शब्द संस्कृत. 'राध्' म्हणजे सिद्धीस जाणें. त्यामागें 'अप' लागला म्हणजे नेम हुकणें. ज्याचा बाण लक्ष्यास न लागतां बाजूस जातो अशा धनुर्धरास संस्कृत कोशकार अमरसिंह 'अपराद्धपृषत्क' असें म्हणतो. नव्या कराराच्या ग्रीक भाषेंत पापास 'हामार्तिया' शब्द आहे, त्याचेंहि मूळ नेम चुकणें हेंच. शास्ते २०:१६ ह्यांत बन्यामिनी गोफणदारांचा नेम केसभरहि चुकत नसे असें वर्णन आहे. तेथें चुकणें ह्या अर्थीं जें इब्री क्रियापद आहे, तेंच इतर ठिकाणीं पाप करणें ह्या अर्थीं येतें. आणि शेवटीं आपला साधा शब्द चूक. वाट चुकते, नेम चुकतो, जत्रेच्या गर्दींत पोर चुकतें, सांजवेळीं कळपांतलें मेंढरूं चुकतें. चुकलेलें मेंढरूं दिसेनासें झालें म्हणजे धनगर काय करितो? तो त्यास शिव्या देत बसत नाहीं. कंदील घेऊन निघतो.

आणखी एक शब्द सांगून हा भाग पुरा करितों. सावकारी व बँका यांच्या व्यवहारांतहि डेलिंक्वन्सी हा शब्द चालतो. कर्जाचा हप्ता मुदतींत न आला म्हणजे कर्जदारास तो लागतो, आणि हप्ता ९० दिवसांहून अधिक राहिला म्हणजे तें कर्ज अनुत्पादक समजावें असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मराठींत त्यास काय म्हणतात? थकबाकी. बाकी थकली. ज्या आपल्या वाडवडिलांनीं हा शब्द रूढ केला त्यांस देणें फेडावयाचें असतें हें पुरें ठाऊक होतें, तरी देणेकऱ्यास लबाड म्हणण्यापूर्वीं त्याचें देणें थकलें असें त्यांनीं म्हटलें. चाकणपासून थोड्याच अंतरावर देहू गांव आहे. दुष्काळांत घर उद्ध्वस्त झाल्यावर तुकोबांनीं आपल्या वाट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं अशी परंपरा आहे. आमचे कवि टिळक तुकोबांस किती मान देत हें ह्या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंतहि आपण दररोज ऋणांचीच गोष्ट बोलतों, आणि दुसऱ्यास जितकी सूट देतों तितकीच मागतों.

आतां शास्त्रभाग उघडा. योहान मार्क हा यरुशलेमांतील चांगल्या घरचा तरुण. मंडळी त्याच्या आईच्या घरीं प्रार्थनेस जमत असे. पौल व बर्णबा यांनीं त्यास आपल्या फेरीवर बरोबर घेतलें. कुप्र बेटापर्यंत तो नीट चालला. पंफुल्यांतील पिर्गा येथें पोहोंचल्यावर मात्र तो त्यांस सोडून घरीं परतला. कारण शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. त्यानें चोरी केली नाहीं, कोणास मारिलें नाहीं. त्यानें जागा सोडली. शब्दाच्या मूळ अर्थानें पाहिलें तर सबंध नव्या करारांत याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

पुढें दुसऱ्या फेरीची वेळ आली तेव्हां बर्णबा म्हणाला, मार्कास घेऊं. पौल म्हणाला, नको. वाद इतका वाढला कीं ते दोघे थोर पुरुष एकमेकांपासून वेगळे झाले. पौलाची बाजू आम्ही हलकी समजत नाहीं. पुढें काम कठीण होतें. अर्ध्या वाटेवर टाकून जाणाऱ्याचा भरंवसा कसा धरावा? आमच्या पंचांचें म्हणणेंहि ह्याच जातीचें आहे, आणि तें द्वेषाचें नाहीं. परंतु बर्णबानें मार्कास घेतलें आणि तो त्याच कुप्र बेटाकडे निघाला, जेथवर मार्क पूर्वीं नीट चालला होता. वर्षें गेलीं. पौल बंदींत होता, त्याचे दिवस भरत आले होते, आणि तीमथ्यास लिहितांना त्यानें मार्कास घेऊन ये म्हणून सांगितलें, कारण सेवेसाठीं तो आपल्या उपयोगी आहे. दुसरें शुभवर्तमान ज्याच्या नांवानें आपण वाचतों तो हाच मार्क अशी मंडळीची प्राचीन परंपरा आहे. त्या दिवशीं त्याचें नांव पटावरून कायमचें निघालें असतें, तर आपलें किती नुकसान झालें असतें!

ह्यावर कोणी म्हणेल, मार्क हा मार्क; येथें कोयत्याची गोष्ट आहे. खरें आहे. म्हणून ज्या भागांत हें घडलें तो भागहि पाहूं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. १ ऑगस्ट १९६२ रोजीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ह्या गांवांच्या शेतांतून कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९८२ सालीं तेथें महानगरपालिका झाली. मग कारखाने नाशिकच्या रस्त्यानें पुढें सरकत चाकणास पोहोंचले, आणि जेथें कांदाबटाट्यांचा मोठा बाजार तेथें मोटारीहि तयार होऊं लागल्या. ह्या कामानें असंख्य घरांतील चुली पेटल्या, हें आम्ही कृतज्ञतेनें लिहितों.

परंतु ह्या कामापायीं पुष्कळांस आपली जागा सोडावी लागली. मराठवाड्यांतून, विदर्भांतून, उत्तर प्रदेश व बिहारांतून माणसें गांवें सोडून आलीं. गांवांत आजी होती, चुलता होता, मुलास नांवानें हांक मारणारा मास्तर होता. येथें भाड्याची एक खोली. बाप ठेकेदाराच्या हाताखालीं रात्रपाळीस, आई दिवसा कंपनीच्या कॅन्टीनमध्यें, आणि दोघांची गांठ काय ती दारांत. उलटपक्षीं जुन्या गांवकऱ्यांच्या कित्येक घरांत गुंठ्यांच्या भावानें पैसा आला, पण शेत गेलें, आणि शेताबरोबर मुलाच्या हातचें कामहि गेलें. कोयता हें ऊंस तोडण्याचें हत्यार. बापाच्या हातीं तें होतें तेव्हां त्यानें घर पोसलें; काम नसलेल्या मुलाच्या हातीं तेंच आलें म्हणजे वस्तीस धाक पडतो.

येथें आम्हांस आपलीहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या मुलाविषयीं हें पत्र आहे त्याच्या घरीं आम्ही गतवर्षीं गेलों होतों. उपासना झाल्यावर त्याची आई आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आली. ती म्हणाली, "पोरगा शाळेंत जात नाहीं, रात्रीं पुलापाशीं बसतो. माझें ऐकत नाहीं. तुम्ही एकवार बोला." आम्हांस चाकणची शेवटची गाडी गांठावयाची होती. आम्हीं म्हटलें, "पुढल्या खेपेस बोलूं, बाई." पुढली खेप पांच महिन्यांनीं आली. तोंपर्यंत पुलापाशीं दुसरे लोक त्याच्याशीं बोलले होते. त्यांनीं त्यास वडा खाऊं घातला, मोटारसायकलीवर मागें बसविलें, नांवानें हांक मारिली. आमची गाडी त्या संध्याकाळीं आम्हांस वेळेवर मिळाली, ही गोष्ट आतां आमच्या मनास फार टोंचते. उपदेशक बंधु विचारितात, डेलिंक्वन्सी कोणाची? मुलाची आहे, आम्ही नाकारीत नाहीं. पण राखणदार म्हणून जी जागा आम्हांस दिली होती ती त्याच्याहून आधीं आम्हीं सोडली.

शब्दांनीं काय होतें हें सरकारच्या कायद्यानेंहि ओळखिलें आहे. १९८६ च्या बाल न्याय कायद्यांत अशा मुलास डेलिंक्वंट असेंच म्हटलें होतें. २००० च्या कायद्यांत तो शब्द काढून टाकिला, आणि २०१५ चा जो कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, त्याच्या मराठींत अशा मुलास विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. नांव लांबलचक आहे खरें. पण बालगुन्हेगार म्हटलें म्हणजे गुन्हा हाच मुलाचा धंदा ठरतो. नव्या नांवानें तो आधीं बालक राहतो. मुलाविषयीं बोलतांना दोष चिकटविणारे शब्द वापरूं नयेत, आणि त्यास नवा आरंभ करतां यावा, अशीं दोन तत्त्वेंच त्या कायद्यांत घातलीं आहेत.

ह्याच्या उलट केलें म्हणजे काय होतें, हें ह्या देशांतील पुष्कळ घरांनीं भोगलें आहे. १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. सोलापुरास तारेच्या कुंपणांत त्यांची वसाहत होती; हजेरी दिल्यावांचून कोणास हालतां येत नसे. अशा वसाहतींचा कारभार देशांत कित्येक ठिकाणीं मिशनांनींहि चालविला. त्यांत शिक्षणाचें काम झालें, पण कुंपण तें कुंपणच, हें आपण नम्रतेनें कबूल करावें. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला. कुंपण निघालें, लोकांच्या तोंडचा शब्द मात्र अजून पुरता निघालेला नाहीं. ज्यांच्या आजांस असा शिक्का बसला होता, त्यांनींच आपल्या मंडळींतील पोरास दुसरा शिक्का मारावा काय?

तथापि दयेच्या नांवाखालीं ज्याचें नुकसान झालें त्यास विसरणें हीहि कसूरच होय. फुटलेल्या गाड्यांपैकीं एक टेंपो एका गरीब माणसाचा होता, आणि त्याची कांच नवी बसेपर्यंत त्याची दोन दिवसांची कमाई बुडाली, असें पत्रांत लिहिलें आहे. त्याच्या दारीं कोणी गेलें काय? जक्कयानें प्रभूस घरीं घेतलें तेव्हां ज्यांस नाडिलें होतें त्यांस चौपट परत देण्याचें कबूल केलें. प्रभूनें त्याचें तारण झाल्याचें सांगितलें, पण देणें माफ झालें असें टेंपोवाल्यास कळविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. ओनेसिम हा पळून गेलेला दास. पौलानें त्यास फिलेमोनाकडे परत पाठविलें, आणि त्याचें जें कांहीं देणें निघेल तें स्वतःच्या खातीं लिहावयास सांगितलें. क्षमा करणारानें कांहीं खर्च सोसावा लागतो, हें ह्या लहानशा पत्रावरून कळतें. तसेंच त्याच वस्तींत, तशाच खोलींत राहून पुष्कळ मुलें रात्रीं दिव्याखालीं अभ्यास करितात, हेंहि मुलास स्पष्ट सांगावें. त्याला निवड होती. ती त्यानें चुकीची केली.

म्हणून पंचांस आमचें उत्तर असें. नांव काढूं नये. मुलगा घरीं येईल तेव्हां दोन प्रौढ सभासदांनीं त्यास घेऊन टेंपोवाल्याकडे जावें. मुलानें स्वतःच्या तोंडानें चूक कबूल करावी. कांचेचे पैसे मंडळीनें आज द्यावेत, आणि मुलानें काम करून ते हप्त्यांनीं मंडळीस फेडावेत. हप्ता थकला तर विचारावयास जावें, पण दारांत ओरडूं नये. बर्णबाप्रमाणें एका माणसानें त्यास आपलासा करावा. समितीनें हें होत नाहीं. एकानेंच करावयाचें असतें.

उपदेशक बंधूंनीं कांहीं गोष्टी पाठ करून ठेवाव्या. अठरा वर्षांखालील मुलास पोलिसांच्या कोठडींत किंवा तुरुंगांत ठेवतां येत नाहीं. त्यास चोवीस तासांच्या आंत बाल न्याय मंडळापुढें नेलें पाहिजे. प्रवासाचा वेळ त्यांत धरीत नाहींत. त्या मंडळांत एक न्यायदंडाधिकारी व दोन समाजसेवक असतात, व त्या दोघांत एक स्त्री असावी लागते. मुलाच्या बाजूनें सरकारी खर्चानें वकील मिळतो. मुलांच्या मदतीसाठीं १०९८ हा फोन आहे. सोळा वर्षांपुढील मुलानें अत्यंत घोर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर मंडळाच्या चौकशीनंतर त्याचा खटला प्रौढाप्रमाणें चालूं शकतो, म्हणून आईबापांस खोटा धीर देऊं नये. आणि मुलाचें नांव, गांव किंवा चित्र छापण्यास कायद्यानें बंदी आहे. ह्याच कारणानें आम्हींहि ह्या लेखांत गांवाचें नांव लिहिलें नाहीं. छापण्यास बंदी आहे तें पाणवठ्यावर बोलणें शोभतें काय, ह्याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

येत्या रविवारीं उपासनेस बसाल तेव्हां सतरंजीवर एकवार नजर फिरवा. कोणाची जागा रिती आहे? मागल्या रविवारींहि रिती होती काय? कोणत्या आईनें तुम्हांस रस्त्यापर्यंत पोहोंचवितांना कांहीं सांगितलें, आणि तुम्ही पुढल्या खेपेस म्हणालां? त्या घरीं त्याच संध्याकाळीं जा. गाडी चुकली तर चुकूं द्या. आम्हीहि ह्या आठवड्यांत त्या आईकडे जाणार आहों, आणि तिची क्षमा मागितल्यावरच मुलाविषयीं बोलणार आहों.

जो मेंढपाळ चुकलेल्या एकासाठीं रानांत जातो, तो तुम्हांआम्हांस आपली जागा न सोडण्याचें बळ देवो, आणि सोडली असेल तर परत येण्याची लाज काढून टाको. आमेन.